मदत हवी आहे: ६ जणांच्या एफएमआरआयमध्ये डावं-उजवं उलटं येतंय, डेटा फ्लिप झालाय की त्यांनी हातच दुसरा वापरला?

मंडळी, गेला आठवडाभर याच एका गोष्टीत अडकलेय आणि आता डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितेय. लांबलचक झालं तर सांभाळून घ्या, पण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट मिळतात म्हणून सगळंच टाकते.

डेटा असा आहे. ३४ जण, प्रत्येकाचा एक टी-वन (मेंदूची रचना दाखवणारा स्कॅन) आणि एक एफएमआरआय रन (काम करताना मेंदूचा कुठला भाग सक्रिय होतो ते दाखवणारा स्कॅन). टास्क अगदी साधा, उजव्या हाताची बोटं टॅप करायची, २० सेकंद टॅपिंग २० सेकंद आराम असे ब्लॉक. टीआर (एका पूर्ण इमेजला लागणारा वेळ) २ सेकंद, व्हॉक्सेल (इमेजचा सर्वात छोटा ठोकळा) ३ मिमी. ॲनालिसिस एफएसएल या सॉफ्टवेअरच्या फीट नावाच्या टूलमध्ये करतेय. २८ जणांचे मूळ डायकॉम (थेट स्कॅनरमधून येणाऱ्या फाइली) माझ्याकडे आहेत, ते मी स्वतः डीसीएम-टू-एनआयआयएक्स या टूलने निफ्टी फॉरमॅटमध्ये आणले. उरलेल्या ६ जणांचा एफएमआरआय जुना आहे, माझ्या आधी जे काम करत होते त्यांनी तो ॲनालाइझ फॉरमॅटमध्ये, म्हणजे त्या एचडीआर-आयएमजी जोडीत ठेवला होता, आणि नंतर कुणीतरी त्याचं निफ्टी केलं. त्यांच्या एफएमआरआयचे डायकॉम आता कुठेच नाहीत, सगळीकडे विचारून झालं. टी-वनचे डायकॉम मात्र त्या सहाही जणांचे आहेत.

आता प्रॉब्लेम. २८ जणांमध्ये जसं यायला पाहिजे तसंच येतंय, डाव्या बाजूचा मोटर कॉर्टेक्स (हालचालीचा भाग; उजवा हात मेंदूच्या डाव्या बाजूवरून चालतो) आणि उजवं सेरेबेलम (लहान मेंदू). या ६ जणांमध्ये बरोब्बर उलटं, उजवा मोटर कॉर्टेक्स आणि डावं सेरेबेलम. सिग्नल कमजोर वगैरे अजिबात नाहीये, छान ठळक ब्लॉब (सक्रिय भागाचे ठिपके) आहेत, फक्त भलत्या बाजूला.

पहिल्यांदा वाटलं की माझाच बघण्यात घोळ होतोय, कारण एफएसएलआइज (एफएसएलचा इमेज व्ह्यूअर) मुळातच रेडिओलॉजिकल पद्धतीने दाखवतं, मेंदूची उजवी बाजू स्क्रीनच्या डावीकडे. पण मी एल आणि आर ही लेबलं बघूनच बोलतेय आणि ग्रुप लेव्हलला एमएनआय (मेंदूचा प्रमाण नकाशा) कोऑर्डिनेट्सही बघितले, या सहांचा एक्स धन येतो, बाकीच्यांचा ऋण. म्हणजे डिस्प्लेचा प्रश्न नाही.

मग रजिस्ट्रेशन, म्हणजे एफएमआरआय टी-वनवर नीट बसलाय का, ते बघितलं. सगळं सुंदर बसलेलं दिसतं! कडा जुळतायत, व्हेंट्रिकल जुळतायत, फीटच्या रिपोर्टमध्ये लाल रेषा अगदी जागेवर. यामुळेच इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नसणार.

एफएसएलचं रीओरिएंट-टू-स्टँडर्ड चालवलं, काही फरक नाही. मग कुठेतरी वाचलं म्हणून स्वॉपडिम उणे एक्स केलं आणि लगेच ओरिएंटचं स्वॉपओरिएंट पण केलं, आणि व्ह्यूअरमध्ये परत तेच चित्र, मला वाटलं कमांडच चालली नाही म्हणून तीनदा केलं. हेडर (फाइलमधली इमेजबद्दलची माहिती) उघडून पाहिलं तर सगळं नीट भरलेलं आहे, एकच फरक दिसतो, बाकीच्यांचा एसफॉर्म कोड (कोऑर्डिनेट्स कुठून आले ते सांगणारा आकडा) १ आहे आणि या सहांचा २.

आता खरा प्रश्न, जो मला झोपू देत नाहीये. सोपा मार्ग समोर आहे, सहाही उलटे करून टाकायचे, सगळे ब्लॉब डावीकडे येतील, ग्रुप मॅप देखणा होईल. गाइड पण म्हणाले करून टाक, उघड दिसतंय ना. पण मला ते पटत नाहीये, कारण मी निकाल बघून डेटा बदलणार आणि मग त्याच डेटावरून निकाल सांगणार. आणि दुसरं म्हणजे एखाद्याने खरंच डाव्या हाताने टॅप केलं असेल तर? त्यातही मोटर कॉर्टेक्स आणि सेरेबेलम दोन्ही असेच उलटे येतील. बटण बॉक्स नव्हता, त्यामुळे कुठला हात वापरला याची नोंद नाही. ॲक्टिव्हेशनकडे न बघता, फक्त ॲनॅटॉमीवरून डावं-उजवं ठरवायचा काही खात्रीचा मार्ग आहे का?

प्रतिसाद १

तुम्ही थांबलात ते फार बरं केलं. सहाही उलटे करून पुढे गेला असतात तर नंतर कुणाला काहीच शोधता आलं नसतं.

आधी तुमचे छोटे प्रश्न. रीओरिएंट-टू-स्टँडर्ड फक्त ९० अंशांच्या पटीत फिरवतं, लेबलं बरोबर आहेत असं धरूनच ते चालतं, लेबलच चुकलेलं असेल तर ते ती चूक इमानदारीने जपतं. आणि स्वॉपडिमने डेटा उलटतो, स्वॉपओरिएंटने हेडर उलटतो, दोन्ही केलं की फक्त साठवण्याचा क्रम बदलतो आणि डावं-उजवं जिथल्या तिथे राहतं, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही. कमांड चालली होती. खरोखर बाजू बदलायची असेल तर दोन्हीपैकी एकच करायचं.

आता मूळ. ॲनालाइझच्या हेडरमध्ये कुठलं टोक उजवं हे भरवशाने लिहायची सोयच नव्हती, वाचणारं सॉफ्टवेअर आपापलं गृहीत धरायचं, आणि निफ्टी आणण्यामागचं एक मोठं कारण हेच होतं. तुमच्या फाइली ॲनालाइझमधून जाऊन आल्या, म्हणजे मधे कुणीतरी अंदाज केला आणि तो अंदाज निफ्टीत पक्का लिहिला गेला. कोड १ म्हणजे स्कॅनरचे कोऑर्डिनेट्स, कोड २ म्हणजे कशाशी तरी जुळवलेले, त्यामुळे इथे हेडर कितीही नीटनेटका दिसला तरी त्याची साक्ष धरू नका.

रजिस्ट्रेशन छान का दिसतं, तर मेंदू डावीकडून उजवीकडे जवळजवळ सारखाच असतो. उलटा मेंदू सुलट्यावर ठेवला तरी कडा जुळतात. पण तो पूर्ण सारखा नसतो आणि तुमची सुटका तिथेच आहे. बहुतेकांमध्ये उजवा फ्रंटल लोब थोडा पुढे आणि डावा ऑक्सिपिटल थोडा मागे सरकलेला असतो, मात्र एकेका माणसासाठी यावर विसंबू नका, खूप जणांमध्ये तसं नसतं. त्यापेक्षा कॉर्टेक्सच्या घड्या वापरा, त्या प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या असतात. त्याच माणसाचा टी-वन तुमच्याकडे आहे, मग एफएमआरआय एकदा आहे तसा आणि एकदा उलटा करून त्या टी-वनवर बसवायचा आणि कुठला जास्त चांगला बसतो ते बघायचं.

हे हाताने करायची गरज नाही. ॲफनी या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या अलाइन-ईपीआय-ॲनॅट स्क्रिप्टमध्ये चेक-फ्लिप नावाचा पर्याय आहे, तो नेमकं हेच करतो आणि दोन्हींची कॉस्ट (किती जुळलं ते सांगणारा आकडा) देतो. एलपीसी कॉस्ट वापरा, आकडा जितका जास्त ऋण तितकं चांगलं. इमेजेस एकमेकींपासून फार लांब असतील तर जायंट-मूव्ह हा पर्याय पण द्या, नाहीतर अलाइनमेंटच फसेल आणि तुलना निरर्थक होईल. ॲफनीवाल्यांनी २०२० मध्ये यावर पेपर लिहिलाय, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या मोठ्या डेटासेटमध्येसुद्धा असे फ्लिप सापडले होते, त्यामुळे तुमच्या लॅबमध्येच काही विचित्र घडलं असं समजू नका.

एक मात्र करा, सहाच नाही, चौतीसच्या चौतीस त्यातून काढा. ज्यांचं उत्तर माहीत आहे त्या २८ वर पद्धत बरोबर उत्तर देते का हे आधी दिसलं पाहिजे, तरच उरलेल्या सहांवर विश्वास ठेवता येईल.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, फक्त एक भर. चेक-फ्लिप एवढंच सांगतं की एफएमआरआय आणि टी-वन यांचं आपसात जुळत नाही. दोघांतला चुकीचा कोण हे ते सांगत नाही. डायकॉम आहेत म्हणून टी-वन बरोबर असं आपण धरतो, पण कन्सोलवर पेशंट पोझिशन चुकीची भरली गेली असेल, म्हणजे माणूस उताणा डोकं आधी असा आत गेला आणि नोंद दुसरीच झाली, तर डायकॉमसुद्धा चुकतो. पोझिशनचा टॅग बघून घ्या. आणि जुन्या स्कॅनमध्ये कपाळाच्या एका बाजूला व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती, असेल तर टी-वनमध्ये डोक्याच्या बाहेर पांढरा ठिपका दिसेल. स्कल काढण्याआधीची फाइल बघा, बेट (स्कल काढणारं टूल) चालवल्यावर तो जातो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, खरंच. कॅप्सूलचं तर मला सुचलंच नसतं, मी कायम स्कल काढलेलीच फाइल उघडत होते. मूळ टी-वन उघडले तर सहापैकी चार जणांच्या कपाळाजवळ ठिपका आहे आणि जुन्या वहीत "कॅप्सूल उजवीकडे" असं लिहिलेलं सापडलं, चौघांतही ठिपका आर लेबलच्याच बाजूला आहे. पोझिशन सगळ्यांची डोकं आधी, उताणी. टी-वन बरोबर असं धरून चालतेय. ३४ जणांचं चेक-फ्लिप रात्रभर लावलंय.

धागाकर्ती, दोन दिवसांनी

निकाल आला आणि मी बराच वेळ नुसती स्क्रीनकडे बघत बसले. २८ च्या २८ "फ्लिप नाही", म्हणजे पद्धत चालते. सहापैकी पाच "फ्लिप आहे", दोन्ही कॉस्टमध्ये भरपूर अंतर. सहावा "फ्लिप नाही"!! परत चालवला, जायंट-मूव्ह देऊन आणि न देता, तेच उत्तर. मग दोन्ही अलाइनमेंट शेजारी ठेवून डोळ्यांनी बघितल्या, आहे तशी ठेवली की घड्या अगदी जागेवर बसतात, उलटी केली की कडा जुळतात पण आतल्या घड्या सरळ चुकतात. म्हणजे याचा स्कॅन सुलटाच आहे, ब्लॉब खरंच उजवीकडे आहे. सहाही उलटे केले असते तर एक बरोबर असलेला मेंदू मी माझ्या हाताने चुकीचा केला असता. गाइडना दाखवलं, ते पण गप्प झाले आणि मग म्हणाले की हे मेथड्समध्ये सविस्तर लिही.

पाच जणांच्या मूळ फाइलींची प्रत काढून फक्त हेडर उलटवला आणि फीट पहिल्या पायरीपासून परत लावलंय.

राहिला तो एक. बहुधा डाव्या हाताने टॅप केलं असावं, पण वहीत त्याच्या नावापुढे काहीच नाही, आणि त्याच्या टी-वनवर कॅप्सूलही नाही, म्हणजे टी-वन आणि एफएमआरआय दोन्ही सारखेच चुकले असतील ही शक्यता पूर्ण संपलेली नाही. त्याला वगळून मुख्य निकाल द्यायचा आणि त्याच्यासह केलेला पुरवणीत जोडायचा असं ठरवतेय. कुणी अशा केसमध्ये याहून वेगळं काही केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १

तसंच करा. वगळण्याचं कारण लिहिताना "ॲक्टिव्हेशन उलटं आलं म्हणून" असं लिहू नका, "कुठला हात वापरला याची नोंद नाही आणि बाजूची स्वतंत्र खातरजमा होऊ शकली नाही" असं लिहा. आणि हाच नियम बाकीच्या ३३ जणांना लावून बघा, त्यातल्या कितींच्या हाताची नोंद आहे? तिथे रिव्ह्यूअर नक्की बोट ठेवेल.

धागाकर्ती

बरोबर आहे, हे मी बघितलंच नव्हतं. वही परत काढते आणि आकडा इथे टाकते.