कुत्रीला सारखी खाज येतेय, अंगावर तर काहीच दिसत नाही

निशिगंध:
आमची चिंगी, गावठीच आहे, चार वर्षांची. पाऊस सुरू झाल्यापासून रात्रभर खाजवतेय, शेपटीच्या बुडाशी कुरतडून कुरतडून केस गेलेत, लाल चट्टा पडलाय. गोचीड शोधले, एकही नाही. आमच्याच शांपूने आंघोळ घातली, कडुनिंबाचं पाणी लावलं, दोन दिवस बरं वाटतं की परत तेच. शेजारचे काका म्हणतात खरूज आहे, जळकं ऑइल लाव. मला धीर होत नाहीये. काय करू?

रानवाटा:
ऑइल अजिबात नको, हात जोडून सांगते! ती चाटणारच, सगळं पोटात जाणार, आणि कातडी सोलवटते ती वेगळीच. आणि आपला शांपूही बंद करा, त्याने त्यांची कातडी कोरडी पडते.
शेपटीचं बूड म्हटलं की आधी पिसवा बघायच्या. गोचीड चिकटून बसतो म्हणून हाताला लागतो, पिसू पळते. उवांची फणी बुडाशी फिरवा आणि जो काळा चुरा निघेल तो ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ज्यांना पिसवांच्या लाळेची अॅलर्जी असते त्यांना दोनचार चावेही पुरतात, म्हणून अंगावर दिसत नाहीत.

घाटमाथा:
खरूज बहुतेक कानाच्या कडा, कोपरं इथून सुरू होते, आणि घरातल्यांच्या हातापोटावरही पुरळ येतं, तसं काही आहे का? तरी डॉक्टरांकडून कातडी खरवडून तपासून घ्याच. आयव्हरमेक्टिन (खरजेवरचं औषध) मनाने देऊ नका, कोलीसारख्या कुत्र्यांच्या काही जातींना ते बाधतं.
आमच्या लॅब्रेडॉरचं वेगळंच निघालं, तो पंजे चाटायचा, कानाला आंबूस वास यायचा, वर्षभर आम्ही कानात थेंब घालत बसलो आणि कारण होतं चिकन. डॉक्टरांनी 8 आठवडे ठरवून दिलेलंच खायला घातलं, एक बिस्किटसुद्धा नाही, तेव्हा कळलं.

निशिगंध:
घरात कुणालाच पुरळ नाही. आत्ता फणी फिरवली. टिश्यू तांबूस झाला :( उद्या सकाळीच डॉक्टरांकडे नेते.

रानवाटा:
चला, कळलं तरी. वजन करून घ्या, गोळी किंवा मानेवर लावायचं औषध त्यावरच ठरतं, आणि चट्टा चिघळला असेल तर तेही दाखवा. पण नुसत्या औषधाने भागणार नाही, अंडी अंगावरून गळून अंथरुणात पडतात. तिची गोधडी गरम पाण्यात धुवा, सोफ्याच्या फटी व्हॅक्यूमने काढा. कोषातल्या पिसवा नंतरही बाहेर येत राहतात, त्यामुळे दोनतीन आठवड्यांनी परत दिसल्या तर औषध सोडू नका. मांजर आहे का घरात?

निशिगंध:
आमचं नाही, पण काकांची मनी रोज आमच्या ओट्यावर येते, चिंगीच्या गोधडीवरच झोपते.

रानवाटा:
मग तिलाही औषध हवं, पण मांजरांचंच. कुत्र्याचं तिला लावू देऊ नका, त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर मांजराच्या जिवावर बेततं.

निशिगंध:
बरं झालं सांगितलंत. आत्ताच काकांकडे जाऊन येते.