लाटांच्या माऱ्याखाली बांधकामाखालची वाळू कशामुळे निकामी होते?

प्रश्न (अंतिम वर्ष, स्थापत्य, पवनी तालुका, जि. भंडारा)
नमस्कार. प्रकल्पासाठी मी केसन (काँक्रीटचा मोठा पेटारा) पद्धतीच्या ब्रेकवॉटरचा, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाचा, पाया हा विषय घेतला आहे. हा हजारो टनांचा पेटारा वाळूवर बसलेला असतो आणि लाटेचे शीर्ष आले की दाब आणखी वाढतो. त्यामुळे वाळू अधिक घट्ट व्हायला हवी असे मला वाटते. मग तीच वाळू पातळ होऊन बांधकाम कलते कसे? कृपया जाणकारांनी समजावून सांगावे.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, वर्धा)
आपण शीर्षाकडे पाहत आहात, द्रोणीकडे, म्हणजे दोन शीर्षांमधल्या खोलगट भागाकडे पाहा. मृदायांत्रिकीचे जनक टेर्झागी यांच्या तत्त्वानुसार वाळूची ताकद एकूण ताणावर नव्हे, तर त्यातून छिद्रांतील पाण्याचा दाब वजा करून उरणाऱ्या प्रभावी ताणावर ठरते. द्रोणी सरकते तेव्हा तळावरचा दाब एकाएकी उतरतो, पण वाळूच्या आतला दाब तितक्या लवकर उतरत नाही, विशेषतः छिद्रांतल्या पाण्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे असतील तर. या फरकामुळे पाणी वर ढकलले जाते आणि त्याचा जोर कणांच्या पाण्यातील वजनाइतका झाला, म्हणजे उतारांक (वाळूतून जाताना दर मीटरला पाण्याच्या पातळीत पडणारा फरक) साधारण १ झाला, की कणांची एकमेकांवरची पकड सुटते. नदीकाठच्या विहिरीत मोटर लावून पाणी भराभर उपसले की तळाची वाळू उकळल्यासारखी वर येते, ते आपण पाहिले असेलच, कारण हेच. मात्र हे द्रवीकरण (वाळू द्रवासारखी पातळ होणे) क्षणिक असते आणि वरच्या थरापुरतेच राहते. केसनच्या पायथ्याची वाळू अशी सैल झाली की प्रवाह ती सहज वाहून नेतो.

उत्तर २ (बंदर बांधकामातील अभियंता, मूळ गाव आर्णी तालुक्यात)
सरांचे म्हणणे योग्यच आहे, परंतु केसन कलण्याच्या संदर्भात मला दुसरा प्रकार अधिक गंभीर वाटतो. लाटांच्या धक्क्यांनी केसन मागेपुढे डुलतो आणि खालच्या वाळूवर उलटसुलट कातरताण (थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) येत राहतो. वाळू सैल असेल तर तिचे कण प्रत्येक वेळी जवळ येऊ पाहतात. मधल्या पाण्याला निसटायला अवधी मिळाला नाही तर दाब लाटेमागून लाट साचत जातो. जपानमधील १९६४ च्या निगाता भूकंपात इमारती न मोडता कलल्या, त्यामागेही साचलेला दाबच होता. फरक इतकाच, की भूकंप काही सेकंदांत संपतो आणि वादळ तासन्‌तास चालते. त्यामुळे दाब साचणे आणि पाणी निसटणे यांची शर्यत लागते, आणि ती कोण जिंकणार हे वाळूची घनता व पारगम्यता (पाणी आरपार जाऊ देण्याची क्षमता) ठरवतात.

प्रश्नकर्ता
धन्यवाद सर, धन्यवाद दादा. म्हणजे आमच्या वैनगंगेच्या जाड वाळूत हा धोका कमी असेल का?

उत्तर २
दाब साचण्याचा धोका निश्चितच कमी, कारण जाड वाळूतून पाणी लवकर निसटते. बारीक, गाळमिश्रित वाळूची काळजी अधिक. नेदरलँड्समध्ये १९८६ साली पूर्ण झालेल्या ओस्टरस्खेल्डे या समुद्री वादळाचे पाणी रोखणाऱ्या अडथळ्यासाठी मायटिलस नावाच्या जहाजाने कंपनसुया खुपसून सुमारे १५ मीटर खोलीपर्यंत वाळू घट्ट केली आणि त्यावर कार्डियम नावाच्या दुसऱ्या जहाजाने गाळणीचे गालिचे अंथरले. घट्ट केल्याने दाब साचत नाही. गाळणीतून पाणी सुटते, कण सुटत नाहीत. आपल्या प्रकल्पात सापेक्ष घनतेची (वाळू किती सैल वा घट्ट आहे याच्या मापाची) किमान दोन मूल्ये घेऊन दोन्ही प्रकार वेगवेगळे तपासावेत, एकाच आकडेमोडीत मिसळू नयेत.