एडिंबरामधील व्हिस्की-अनुभव केंद्र: माळकरी आईला घेऊन जावे का, आणि दोहोंपैकी कोणते निवडावे?

राजारामपुरीकर

नमस्कार. माझी धाकटी बहीण एडिंबरा विद्यापीठात एम.एस्सी. करीत असून तिच्या पदवीदान समारंभासाठी आई-बाबांना घेऊन मी येत्या नोव्हेंबरमध्ये तिकडे जाणार आहे. बाबांची सगळी नोकरी आपल्या जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनी प्रकल्पात, प्रयोगशाळेत झाली. त्यामुळे स्कॉटलंडला जायचे ठरल्या दिवसापासून "तिथे व्हिस्की कशी करतात ते बघायचेच" असे त्यांनी मनावर घेतले आहे. ते स्वतः क्वचितच घेतात. त्यांची ओढ पिण्याची नसून आंबवण कशी करतात, तांब्याची पात्रे कशी असतात, पिंपात नेमके काय घडते, हे डोळ्यांनी पाहण्याची आहे.

बहिणीने दोन ठिकाणे सुचवली आहेत. एक किल्ल्याजवळचे 'द स्कॉच व्हिस्की एक्स्पीरियन्स' आणि दुसरे 'जॉनी वॉकर प्रिन्सेस स्ट्रीट'. दोन्हीकडे दिवे, ध्वनी, पडद्यावरची दृश्ये आणि वास यांच्या साहाय्याने पाहुण्याला त्या जगात नेतात आणि शेवटी चव देतात, असे ती सांगते. माझ्या मनात दोन शंका आहेत. बाबांसारख्या जाणकार माणसाला तिथे खरोखर काही मिळेल की तो निव्वळ देखावा ठरेल? आणि आई माळकरी आहे. तिला अशा ठिकाणी नेणे योग्य होईल का, तिथले वातावरण परमिट रूमसारखे तर नसते ना? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नागाळा_पार्क

मी शिक्षणासाठी एडिंबरामध्ये राहत होते आणि कोल्हापूरहून येणाऱ्या नातेवाइकांना घेऊन दोन्ही ठिकाणी गेले आहे, म्हणून थोडे तपशिलात लिहिते.

दोन्ही ठिकाणांचा स्वभाव वेगळा आहे. कॅसलहिलवरचे, म्हणजे किल्ल्याजवळचे, केंद्र १९८८ मध्ये व्हिस्की व्यवसायातील कंपन्यांनी मिळून सुरू केले, त्यामुळे तिथे कोणा एका ब्रँडची नव्हे, तर एकंदर स्कॉच व्हिस्कीची ओळख करून देतात. सुरुवातीला बार्लीपासून पिंपापर्यंतचा प्रवास दाखवतात. त्यानंतर एका खोलीत स्कॉटलंडच्या निरनिराळ्या प्रदेशांचे वास ओळखायला देतात आणि मग आपल्या पसंतीची व्हिस्की पेल्यात ओततात. माझ्या मते या केंद्रातला सर्वांत सुंदर भाग म्हणजे क्लाइव्ह व्हिडिझ या ब्राझिलियन संग्राहकाने पस्तीस वर्षे खपून जमवलेला ३,३८४ बाटल्यांचा संग्रह. मूठभर उंचीच्या बाटलीपासून बुद्धिबळाच्या सोंगट्यांच्या आकाराच्या बाटल्यांपर्यंत सारे काही काचेच्या भिंतींमागे उजळलेले असते, आणि त्या सोनेरी उजेडात उभे राहिल्यावर न पिणाऱ्या माणसाचेही पाय निघत नाहीत.

प्रिन्सेस स्ट्रीटवरचे केंद्र सप्टेंबर २०२१ मध्ये उघडले. एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या आठ मजली इमारतीत ते आहे. कोपऱ्यावरच्या ज्या घड्याळाखाली एडिंबराची माणसे पिढ्यान्पिढ्या एकमेकांना भेटत आली, ते घड्याळही तिथे जपले आहे. इथला मुख्य फेरफटका सुमारे दीड तासाचा असतो. आधी काही प्रश्न विचारून तुमची चवीची आवड ठरवतात, त्या आवडीच्या रंगाची खूण देतात आणि पुढे मिळणारी पेये त्या खुणेप्रमाणे बेतली जातात. १८२० मध्ये किल्मार्नॉक या गावी जॉन वॉकरने किराणा दुकान चालवायला घेतले, तिथपासूनची कथा अभिनेता, प्रकाश आणि पडदा यांच्या मेळातून इतकी रंगवून सांगतात की नाटकाची आवड असलेल्या माणसाचे पैसे तिथेच वसूल होतात. परंतु ती एका घराण्याची आणि एका ब्रँडची कथा आहे, हे ध्यानात ठेवूनच जावे.

परमिट रूमचे वातावरण दोन्हीकडे नाही. आजी-आजोबांसह आलेली कुटुंबे सर्रास दिसतात, आणि मद्य नको असलेल्यांना दुसरे पेय मिळते. तुमच्या बाबांसाठी मी कॅसलहिल सुचवेन. फक्त रॉयल माइल या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याचा तो चढ दगडी फरसबंदीचा आहे आणि नोव्हेंबरच्या पावसात निसरडा होतो, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असल्यास वरपर्यंत टॅक्सीने जावे. दुपारी चारच्या सुमारास अंधार पडू लागतो, म्हणून उघड्यावरची ठिकाणे सकाळी उरकून हे दुपारनंतर ठेवणे सोयीचे.

निवृत्त_केमिस्ट_कागल

आपल्या वडिलांसारखाच मीही आयुष्यभर मळीपासून मद्यार्क काढण्याच्या कामात होतो, म्हणून त्यांना तिथे काय मिळेल हे मी नेमके सांगू शकेन.

आपल्या प्रकल्पात साखर आयतीच मळीत असते. ती पातळ करायची, यीस्ट घालायचे, आंबलेले द्रावण, म्हणजे वॉश, आसवनाच्या उंच मनोऱ्यात, म्हणजे कॉलममध्ये, सोडायचे आणि शुद्धता जितकी वर नेता येईल तितकी न्यायची. ९६ टक्क्यांचा, कुठलाही वास नसलेला ईएनए (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल) हाती आला की आमचे काम फत्ते. म्हणजे वास काढून टाकणे हेच आमचे कौशल्य. स्कॉच माल्टचे, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्कीचे, सगळे तंत्र याच्या नेमके उलट दिशेने चालते. बार्लीत साखर नसते, स्टार्च असतो. म्हणून ती भिजवून मोड आणतात, त्या मोडांबरोबर तयार होणारी विकरे पुढे गरम पाण्यात स्टार्चची साखर करतात, आणि योग्य वेळी मोड थांबवण्यासाठी ती वाळवतात. स्कॉटलंडच्या इस्ले बेटावर ही वाळवणी बहुधा पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या, धुरावर करतात, आणि तोच धूर पुढे पेल्यापर्यंत पोहोचतो. गुऱ्हाळावर चुलवाणाच्या वाऱ्याला उभे राहिले की धूर जसा अंगरख्यात मुरतो आणि घरी आल्यावरही जात नाही, तसा तो धान्यात मुरलेला असतो.

आंबवणीनंतर तांब्याच्या पात्रांतून साधारणपणे दोनदा आसवन होते. तांबे केवळ उष्णता चांगली वाहून नेते म्हणून वापरत नाहीत, तर गंधकाची दुर्गंधी असलेली संयुगे ते धरून ठेवते म्हणून. दुसऱ्या आसवनात पहिला आणि शेवटचा भाग बाजूला काढून मधलाच घेतात, आणि तो कुठे तोडायचा यावर त्या डिस्टिलरीचा स्वभाव ठरतो. कायदाही वासाच्याच बाजूने आहे. स्कॉचच्या २००९ च्या नियमांनुसार आसवन ९४.८ टक्क्यांच्या खालीच ठेवावे लागते, कारण कच्च्या मालाचा वास आणि चव त्यात उरली पाहिजे. मग ७०० लिटरपेक्षा मोठे नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे, आणि बाटलीत किमान ४० टक्के. जो वास काढून टाकण्यात आपल्या वडिलांचे नोकरीतले सारे आयुष्य गेले, तो राखण्यासाठी दुसऱ्या एका देशाने एवढा खटाटोप मांडला आहे, हे पाहताना त्यांना अपार आनंद होईल याची मला खात्री आहे.

त्यांना आणखी एक गोष्ट अवश्य सांगा. चव घेताना पेला नाकाशी नेऊन तोंड किंचित उघडे ठेवावे, म्हणजे मद्यार्काचा झणका नाकात बसत नाही. पहिला वास घेऊन झाल्यावर पाण्याचे दोन-चार थेंब घालून पुन्हा घ्यावा. स्वीडनमधील लिनेअस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूप मांडून दाखवले की धुरकट वासाचा ग्वायाकॉल हा रेणू मद्यार्काचे प्रमाण कमी असताना द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो आणि ते फार वाढले की मद्यार्काच्या रेणूंच्या वेढ्यात आत ओढला जातो. पाणी घातल्यावर वास का खुलतो याचे हे उत्तर प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला निश्चित भावेल.

पन्हाळवाट

वरील दोघांचे म्हणणे मान्य करूनही मी थोडे वेगळे मत मांडतो. ज्यांनी प्रत्यक्ष आसवनी चालवली आहे, त्यांना पडद्यावरची आंबवण पाहून समाधान होईल का, याची मला शंका वाटते. तिथे खरे आसवन होत नाही. वाफेची ऊब, वॉशवरचा फेस आणि मोड आलेल्या धान्याचा ओला वास कितीही चांगले तंत्र वापरले तरी पुरता उभा करता येत नाही. एडिंबराहून सुमारे २५ किलोमीटरवर ग्लेनकिंची ही चालू डिस्टिलरी आहे. तिथे डिस्टिलरीची एक अत्यंत बारकाईने घडवलेली प्रतिकृतीही आहे, जी वेम्बली येथील १९२४ च्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनासाठी तयार केली होती. पेशाने तंत्रज्ञ असलेल्या माणसाने तिच्यासमोर निवांत उभे राहावे. इतके लांब जायचे नसेल, तर शहरातच २०१९ मध्ये सुरू झालेली होलीरूड डिस्टिलरी आहे, जिची उंच, निमुळती तांब्याची पात्रे पाहण्यासारखी आहेत.

एक दिवस हाती असेल, तर सकाळी ग्लेनकिंची आणि संध्याकाळी कॅसलहिल असा क्रम ठेवावा, म्हणजे सकाळी पाहिलेल्या यंत्रांचा अर्थ संध्याकाळच्या वासांमध्ये उमगेल. मात्र स्वतः गाडी चालवू नका. स्कॉटलंडमध्ये रक्तातील मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडमध्ये ती ८० आहे. एका छोट्या पेल्यानंतरही चालवू नये, हेच तिथले लोक सांगतात.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कागलच्या काकांचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, ९४.८ टक्क्यांच्या मुद्द्यावर त्यांनी मला थांबवून तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला आणि मग त्यांच्या कारखान्यातल्या कॉलमच्या कितव्या प्लेटवरून, म्हणजे थरावरून, काय काढत असत हे बराच वेळ सांगत राहिले. आता दोन प्रश्न उरतात. बाबांना मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. आणि आईबद्दल अजून मन द्विधा आहे, कारण ती "तुम्ही म्हणाल तसे" एवढेच म्हणते.

मंगळवार_पेठ_वारी

आमच्याही घरात तीन पिढ्यांची माळ आहे, म्हणून आईंविषयी मनापासून लिहिते. "तुम्ही म्हणाल तसे" हे त्यांचे उत्तर म्हणजे होकार समजू नका, दादा. आपल्या आया मुलांचा विरस होऊ नये म्हणून असे म्हणतात. तिथे दुसरे पेय मिळते हे खरे आहे, तरीही ज्या खोलीत सगळ्यांच्या हाती मद्याचे पेले आहेत तिथे माळ घालून बसणे एखाद्या बाईला अवघड वाटू शकते, आणि ते कोणाला पटवून देण्याचा प्रसंग तिच्यावर येऊ नये. त्यांना आधी नीट समजावून सांगा की तिथे काय काय असते, चवीचा भाग केव्हा येतो, आणि त्या वेळी बाहेर पडण्याची मोकळीक आहे. मग त्यांचा निर्णय त्यांनाच घेऊ द्या.

नको म्हणाल्या तर काहीच बिघडत नाही. कॅसलहिलवर त्या केंद्राच्या अगदी समोर कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे. आरशा-भिंगांच्या योगे सबंध शहराचे हलते चित्र एका पांढऱ्या गोल टेबलावर उमटते आणि कागद धरून त्या टेबलावर चालणारी माणसे जणू उचलता येतात. बहिणीने आईंना तिकडे न्यावे, तुम्ही आणि बाबांनी इकडे जावे, आणि मग चौघांनी मिळून चहा घ्यावा.

नागाळा_पार्क

मंगळवार पेठेच्या ताईंशी पूर्ण सहमत. मी आधी केवळ सोयीचा विचार केला होता. हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे.

बाबांच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांना निघण्यापूर्वी स्पष्ट विचारा, कारण मधुमेहाच्या काही औषधांवर मद्य घेतल्यास साखर एकदम खाली येऊ शकते. प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून सांगते: ४० टक्क्यांची २५ मिलिलिटर व्हिस्की म्हणजे मद्य मोजण्याच्या तिथल्या हिशेबाने एक युनिट. उपाशीपोटी जाऊ नये. नुसता वास घेऊन पेला तसाच ठेवला तरी तिथे कोणी भुवया उंचावत नाही. व्यवसायातील ब्लेंडर, म्हणजे निरनिराळ्या व्हिस्कींचे मिश्रण बेतणारे तज्ज्ञसुद्धा, बहुतांश काम नाकानेच करतात. तिकीट मात्र आधी ऑनलाइन काढा, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवसाचे.

पन्हाळवाट

बाटली आणण्याविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून तेवढे पुरवतो. भारतात येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. शहरातील दुकानातून घेतलेली बाटली हातातल्या पिशवीत चालणार नाही, ती कपड्यांत नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकावी लागेल. विमानतळावर सुरक्षा तपासणीनंतर घेतली तर ती मोहोरबंद पिशवीत देतात, पण वाटेत विमान बदलायचे असल्यास ती पिशवी मुक्कामापर्यंत फोडू नये. आणि कोल्हापुरात पोहोचल्यावर ती बाळगण्यासाठी व पिण्यासाठी महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो, तेव्हा बाबांच्या नावाचा नसेल तर निघण्यापूर्वीच काढून ठेवा.