नगरभवनात आर्ट डेको नेमकी शोधायची कुठे?

शाईदौत:
नमस्कार मंडळी. मी इमारतींची पेनानं स्केचेस करते. सध्या १९२० ते १९४० या काळातली नगरभवनं काढायला घेतली आहेत. सिनेमागृहाची आर्ट डेको (त्याच काळातली भौमितिक नक्षीची वास्तुशैली) लांबूनच कळते. गोलवलेले कोपरे, निऑन, उभी नावाची पाटी. नगरभवनापाशी मात्र गाडी अडते. लॉस एंजेलिसचं नगरभवन (१९२८) आर्ट डेकोत मोजतात, पण त्याचा माथा तर हॅलिकार्नाससच्या प्राचीन समाधीवर बेतलेला आहे! मग त्यात डेको कुठली? कोणती रेघ ठळक काढायची तेच ठरत नाहीये.

गवाक्ष:
आकार बघा आधी. वर जाताना इमारत टप्प्याटप्प्यानं आत सरकते आणि खिडक्या सुट्या न दिसता उभ्या पट्ट्यांत बांधल्यासारख्या दिसतात. न्यूयॉर्कच्या १९१६ च्या नियमांमुळे रस्त्यावर उजेड पोचावा म्हणून उंच इमारती अशा आत घ्याव्या लागल्या. पुढे तो आकारच लोकांना आवडला. उभ्या रेघा ठळक काढा.

चुनाघाणी:
शाईदौत, मी वास्तुरचनाकारांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून उभी हयात नोकरी केली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. गवाक्ष म्हणतात ते उंच इमारतींना लागू आहे, पण नगरभवनाची खरी गंमत जवळ गेल्यावर कळते.

नगरपित्यांना इमारत भारदस्त हवी असायची. दगड, रुंद पायऱ्या, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी, हे त्यांना सोडवत नसे. त्यामुळे नवी शैली शिरली ती माणसाच्या हाताशी आणि नजरेशी येणाऱ्या जागांत: दारं, लिफ्ट, दिवे, जिन्याचे कठडे, खिडक्यांच्या मधले पत्रे आणि उथळ उठावाची शिल्पं.

अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराचं नगरभवन आणि न्यायालय (१९३२) घ्या. बाहेरून सरळसोट चुनखडी दगड. आत शिरलात की गडद संगमरवराचा उंच दालनमार्ग आणि टोकाला शिल्पकार कार्ल मिलेसचा ३६ फुटी पुतळा, मेक्सिकन ऑनिक्स या दगडाचा, साठेक टनांचा, आणि तो सावकाश फिरतो! पैसा १९२९ च्या जागतिक मंदीच्या आधी मंजूर झाला होता. काम सुरू होईतो मजुरी आणि मालाचे भाव कोसळले, म्हणून त्याच रकमेत इतकं उंची लाकूड आणि दगड बसवता आला. मंदीत उभी राहिलेली इमारत आतून इतकी श्रीमंत का, याचं उत्तर हे आहे.

दुसरी इमारत अमेरिकेतल्याच बफेलोची (१९३१). बत्तीस मजले, माथ्यावर रंगीत टाइल्स. पश्चिमेच्या झरोक्यांतून ईरी सरोवरावरचा वारा आत घ्यायचा, तळघराखाली जमिनीच्या गारव्यात नेऊन थंड करायचा आणि मग इमारतभर सोडायचा, अशी सोय तिच्यात केली होती. ती स्केचमध्ये येणार नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

विटकरी:
इंग्लंडमधल्या नॉर्विचचं नगरभवन विसरू नका (१९३८). तिथल्या ब्राँझच्या दारांवर १८ गोल फलक आहेत आणि त्यांत शहराचा इतिहास आणि उद्योग आलेत. जोडे बनवणारे, बिअर गाळणारे. पूर्वी अशा दारावर देवदेवता नाहीतर राजे असायचे. इथे कामकरी माणूस आला, हे मला फार मोलाचं वाटतं. इमारत मात्र निखळ डेको नव्हे, स्टॉकहोमच्या नगरभवनाचा प्रभाव तिच्यावर स्पष्ट दिसतो.

शाईदौत:
चुनाघाणी काका, विटकरी, मनापासून आभार. म्हणजे अख्खा दर्शनी भाग न काढता मी दारं आणि फलकच काढावेत. पण उथळ उठाव पेनानं कसा दाखवू? बाह्यरेषा ओढली की चित्र चिकटवल्यासारखं दिसतं.

चुनाघाणी:
बाह्यरेषा ओढूच नका. असा उठाव मुळातच फार खोल नसतो, कडा मात्र धारदार असतात. त्यामुळे सावली पडते ती अगदी बारीक आणि एकाच बाजूला. तेवढीच काढा, उजेडाकडची कड कोरी सोडा. फोटोवरून काढणार असाल तर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हातला निवडा. भर दुपारच्या फोटोत, भिंत उन्हाकडे तोंड करून असेल तर, अर्धी नक्षी दिसतच नाही. आणि कपड्यांच्या चुण्या बघा, पट्टीनं आखल्यासारख्या समांतर असतात. तिथे हात मोकळा सोडू नका, रेघ सरळच येऊ द्या.