मल्हाररावांच्या खटल्यावरील संशयाला ‘कॉन्स्पिरसी थिअरी’ म्हणावे का?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)
बडोदा दरबारातील इंग्रज सरकारचे प्रतिनिधी (रेसिडेंट) कर्नल फेअर यांच्यावर 1874 साली बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांनी विषप्रयोग करविला, हा आरोप म्हणजे रेसिडेन्सीतल्याच, म्हणजे रेसिडेंटच्या कचेरीतल्याच, लोकांनी रचलेले कुभांड होते, असे आमचे काका मानतात. त्यावर माझ्या पुतण्याने ‘ही कॉन्स्पिरसी थिअरी आहे’ एवढेच म्हणून विषय मिटवला आणि काका दुखावले गेले. सरकारी निष्कर्षावर शंका घेतली की ती कॉन्स्पिरसी थिअरी, म्हणजे घटनेमागे गुप्त कट असल्याची कल्पना, ठरते का? ही संज्ञा नेमकी कशाला लावावी?

उत्तर (रावपुऱ्यातील निवृत्त वकील)
आपल्या काकांवर अन्याय झाला, असे मला स्पष्टपणे वाटते. मुळात येथे कटाचा आरोप इंग्रज सरकारनेच केला होता. 9 नोव्हेंबर 1874 रोजी सकाळी फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे एकदोन घोट घेऊन उरलेले फेकून दिले, तेव्हा पेल्याच्या तळाशी त्यांना गाळ दिसला. त्यात सोमल (आर्सेनिक) हे विष आणि हिऱ्याची पूड असल्याचे तपासणीत सांगण्यात आले. पुढे रेसिडेन्सीतील हवालदार रावजी आणि महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत हे माफीचे साक्षीदार झाले, आणि ज्यांची स्वतःची सुटका साक्षीवर अवलंबून आहे अशांच्या शब्दावर किती विसंबावे, हाच बचाव पक्षाचा मुख्य मुद्दा राहिला. 1875 च्या चौकशी आयोगातील तिघा इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव यांना तसे वाटले नाही. त्यानंतर सरकारने महाराजांना पदच्युत केले खरे, पण कारण दिले ते गैरकारभाराचे. जेथे आयोगातच समसमान फूट पडली, तेथे शंका घेणाऱ्याला कोणत्या तोंडाने हिणवावे?

उत्तर (सयाजीगंज)
वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, तरी काका शंका कशी घेतात यावर बरेच अवलंबून आहे. माफीच्या साक्षीदारांवर विश्वास नाही, असे ते म्हणत असतील तर तो पुराव्याचा विचार झाला. पण गाळ तपासणारे रेसिडेन्सीचे डॉक्टर कटात सामील, मुंबईचे रासायनिक परीक्षकही सामील, आणि याचा कोठेही पुरावा नाही म्हणजे तो नष्टच केला असणार, अशा पायरीवर ते आले, तर पुतण्याचा शब्द चुकीचा नाही. विरोधी पुरावा समोर आला की कटवाल्यांची संख्या वाढवत न्यायची, हीच या विचारपद्धतीची खूण आहे. चंद्रावर माणूस उतरलाच नाही म्हणणाऱ्यांना अपोलो मोहिमांनी आणलेले सुमारे 382 किलो दगड-माती दाखवा, ते शास्त्रज्ञांना सामील करून घेतात. त्या वेळचा प्रतिस्पर्धी सोव्हिएत संघ गप्प का राहिला असे विचारा, तोही सामील होतो.

खरे कट असतातच. अमेरिकेत टस्कगी येथे 1932 पासून 1972 पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांच्या आजाराविषयी अंधारात ठेवले आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही उपचार दिले नाहीत. खात्यातल्याच एका माणसाने माहिती बाहेर दिली, वृत्तपत्रांनी ती छापली आणि प्रयोग थांबला. हे आठवले की सरकारवर संशय घेणाऱ्या कोणालाही वेड्यात काढण्याचे धाडस मला होत नाही.

उत्तर (मांडवी)
एक भर घालतो. ही संज्ञा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर टीकाकारांची तोंडे बंद करण्यासाठी सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने घडवली, असे आग्रहाने सांगितले जाते. त्या हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या टीकाकारांना कसे उत्तर द्यावे याविषयी सीआयएने 1967 साली आपल्या कार्यालयांना सूचना पाठवल्या, हे खरे आहे. परंतु हा शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वृत्तपत्रांतही सापडतो. तोंड बंद करायला तो आजही वापरला जातो, आणि आपल्या पुतण्याने तेच केले. त्याने काकांना एवढेच विचारावे, की कोणता पुरावा मिळाला तर ते आपले मत बदलतील. काकांनीही तोच प्रश्न त्याला विचारावा, कारण महाराज दोषीच होते असे तो धरून चालला असेल, तर आयोगातील तिघांचे मत त्यालाही बाजूला सारता येणार नाही.