मदत हवी आहे: सीझन संपला, आता अर्गवर बसवत नाही

निळीवाट
रोइंगच्या नॅशनल्स संपून बरेच दिवस झाले. कोचने ऑफ सीझनचं शीट पाठवलंय: रोज सकाळी 90 मिनिटं स्टेडी (एकाच संथ लयीत), वर वेट्स, आणि कॅम्पच्या पहिल्याच आठवड्यात 6के (6 किलोमीटरची) टेस्ट. ते शीट उघडलं की पोटात गोळा येतो. अर्गवर, म्हणजे रोइंगच्या मशीनवर, बसवत नाही. बसलं तरी पाय लगेच जड होतात. जो स्प्लिट (500 मीटरला लागणारा वेळ) जानेवारीत गप्पा मारत निघायचा, त्याला आता धाप लागते. रात्री झोप नाही, सकाळी उठवत नाही. वल्ही हातात घ्यायची इच्छाच उरलेली नाही.
प्रश्न एकच आहे. फिटनेस न जाता पूर्ण सुट्टी किती दिवस घेता येते? "मन खंबीर कर" वगैरे कृपया नको. कोचला याच आठवड्यात कळवायचंय.

कोथरूडकर_काका
अर्ग म्हणजे व्यायामशाळेतलं ते ओढायचं मशीन ना? मला डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी तेच सुचवलंय. घरी घ्यायचं तर हवेच्या पंख्याचं घ्यावं की पाण्याच्या टाकीचं? आवाज कशाचा कमी येतो?

जुना_खलाशी
मित्रा, दापोडीला लष्कराच्या सीएमईत वल्हवलेला माणूस बोलतोय. आमच्या वेळी सुट्टीवर गावी गेलो तरी पहाटे पळायचो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ बघ. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये (एकट्याच्या बोटीत) 13वा आला आणि 2018 च्या एशियाडला पालेम्बांगमध्ये आजारी असूनही क्वाड्रुपलमध्ये (चौघांच्या बोटीत) सुवर्ण घेऊन आला. पाण्यावरचा माणूस पाण्यावरच बरा होतो. चार दिवस झोप काढ, पाचव्या दिवशी बोट बाहेर काढ. मशीनवर नको, बोटच.

हेन्लीवाला
खलाशीदादा, दत्तूबद्दल आदर आहेच. पण एका शर्यतीपुरतं आजारपण रेटणं वेगळं आणि महिनोन् महिने थकवा रेटणं वेगळं. हा धागा दुसऱ्या प्रकारचा दिसतोय.
निळीवाट, अर्धी माहिती दिलीच नाही तुम्ही. सिंगल की डबल? लाइटवेट (वजनाची मर्यादा असलेला गट) की ओपन? वय किती? सकाळी उठल्याउठल्या नाडीचे ठोके किती, आणि सीझनमध्ये किती असायचे? हे कधीपासून आहे, नॅशनल्सच्या आधीपासून की नंतर?
इकडे इंग्लंडमध्ये आमच्या क्लबची पोरं उन्हाळ्यातल्या शर्यती संपल्या की बोटीला हातच लावत नाहीत, फक्त सायकल. सुट्टीने फिटनेस जातो ही भीती थोडी जास्तच असते. पहिल्या दोनेक आठवड्यांत मुख्यतः रक्तातला प्लाझ्मा कमी होतो, म्हणून दम लागतो. तो लवकर भरूनही येतो. ताकद तर आणखी टिकते. माझं मत: तीन आठवडे अर्ग बंद, सायकल चालवा.

अभ्यंग
झोप नसणं, उत्साह नसणं ही वातप्रकोपाची लक्षणं. अश्वगंधा चूर्ण रात्री दुधातून आणि रोज तिळाच्या तेलाने मालीश. माझा पुतण्या कबड्डी खेळतो, त्याला महिन्याभरात फरक पडला. आमच्याकडच्या वैद्यांचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करतो.

हेन्लीवाला
मालीश खुशाल करा, चूर्ण नको. कॅम्पमधल्या खेळाडूने सुटं चूर्ण घेणं धोक्याचं आहे. त्यात काय मिसळलंय हे डबीवर लिहिलेलं नसतं, आणि नमुन्यात काही सापडलं तर "वैद्यांनी दिलं" हे उत्तर चालत नाही. अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची.
तुम्ही नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) आरटीपी यादीत, म्हणजे कधीही चाचणी होऊ शकणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, असाल तर आणखी एक. गावी जाताना ठावठिकाणा बदलायला विसरू नका. ऑफ सीझनलाही चाचणीसाठी नक्की सापडाल असा रोजचा 60 मिनिटांचा स्लॉट द्यावाच लागतो. 12 महिन्यांत तीन चुका झाल्या की तोच नियमभंग ठरतो.

अभ्यंग
हजारो वर्षांच्या शास्त्राला एकदम डोपिंगच्या रांगेत बसवलंत. घरी आणलेल्या मुळ्या कुटून घेतल्या तर त्यात कोण काय मिसळणार?

निळीवाट
यादीत आहे, ठावठिकाणा भरलेला आहे. चूर्ण घेणार नाही, तो वाद इथे नको.
मी मुलगी आहे. वय 23. लाइटवेट सिंगल आणि डबल. नाडी सीझनमध्ये 48 च्या आसपास असायची, आता 60 च्या खाली येत नाही. सुरुवात नॅशनल्सच्या आधीच झाली, वजन उतरवताना. तेव्हा वाटलं, शर्यत झाली की जाईल. बरगडीत उजवीकडे दुखतं, पण ते जुनंच आहे.
किती दिवस, ते कुणी नेमकं सांगेल का?

सुईण_आजींची_नात
निळीवाट, मी डॉक्टर आहे, खेळाडूंना तपासण्याचं काम करते. तुझ्या प्रश्नाला दिवसांत उत्तर देण्याआधी दोन गोष्टी विचारते. इथे लिहायच्या नसतील तर व्यनि कर.
शेवटची पाळी कधी आली? आणि वजन उतरवायला जेवणातून काय काय कमी केलंस?

जुना_खलाशी
ताई, माफ करा, मुलगा समजून लिहिलं. तरी माझं म्हणणं तेच आहे. मात्र बरगडी दुखत असेल तर बोट नको; बोट बाहेर काढायचा सल्ला मागे घेतो.

निळीवाट
इथेच लिहिते, बाकी मुलींनाही उपयोग होईल. पाळी दिवाळीनंतर आलेली नाही. कॅम्पात सगळ्यांचंच असं असतं, म्हणून लिहिलं नव्हतं. भात, पोळी जवळजवळ बंद होतं. 59 किलोच्या आत राहायचं होतं, डबलला तर सरासरी 57.

सुईण_आजींची_नात
सगळ्यांचं असतं म्हणून ते ठीक होत नाही. आता नीट ऐक.
तू जेवढी शक्ती खर्च करतेस तेवढी खात नाहीस, म्हणून शरीर एकेक खातं बंद करत चाललंय. पाळी सगळ्यात आधी जाते. याला रेड-एस म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये यावर पहिलं निवेदन काढलं, 2023 मध्ये सुधारलं. पुरुष खेळाडूंनाही होतं. झोप, मनःस्थिती, दम, सगळं यात बिघडतं. अतिसराव आणि हे, दोन्हींची लक्षणं एकमेकांत इतकी मिसळतात की नुसती सुट्टी घेऊन कळत नाही. जेवण तेवढंच ठेवून तीन आठवडे सायकल मारलीस तर जिथे आहेस तिथेच राहशील.
बरगडीचं आधी. इस्ट्रोजेन कमी म्हणजे हाडं कच्ची, आणि रोअर्समध्ये बरगडीचं स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने पडणारी बारीक चीर) नेहमीचं आहे. साध्या एक्स-रेत ते सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय लागू शकतो. ते होईपर्यंत अर्ग, बोट, पुलिंगचे वेट्स सगळं बंद.
रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि पाळीची हार्मोन्स. गरोदरपणाची चाचणीही, प्रत्येकीला सांगतो तशीच. पाळी आणायला कुणी गोळ्या दिल्या तर विचारून घे. त्यांनी रक्तस्राव होतो, मूळ कारण तसंच राहतं. फेरिटिन कमी आलं आणि कुणी सलाइनमधून लोह सुचवलं, तर आधी नियम बघायचे. रुग्णालयातल्या उपचारांसारखे अपवाद सोडले, तर 12 तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून घेणं वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) नियमात बसत नाही.
आणि पोळी आजपासून सुरू.

मालवणी_तांडेल
या धाग्यावर वीरधवल खाडेंची आठवण झाली. 2010 ला एशियाडचं कांस्य, मग नोकरी, आमच्या मालवणला तहसीलदार. पोहणं जवळपास सुटलेलं. परत आले आणि 2018 ला 50 मीटरला पदक 0.01 सेकंदाने हुकलं. एवढ्या खंडानंतर माणूस तिथवर येतो, तर तुझे तीन आठवडे काय घेऊन बसलीस.

हेन्लीवाला
अमेरिकेचा जलतरणपटू ड्रेसेलही तसाच. टोकियोत पाच सुवर्ण, 2022 ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेतून अर्ध्यातच बाहेर, बरेच महिने पाण्यापासून लांब. पॅरिसला परत रिले सुवर्ण.
सायकलचा सल्ला तपासण्या होईपर्यंत मागे ठेवतो. पण निळीवाट, एक विचारू? पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून लाइटवेट गेलं. लॉस एंजेलिसला त्या जागी समुद्रकिनाऱ्यावरच्या बीच स्प्रिंट्स आहेत. मग 59 चा हट्ट कशासाठी?

निळीवाट
कारण मी ओपनसाठी लहान आहे. उंची 168. कॅम्पातली जागा लाइटवेटमुळे आहे, आणि नोकरीचा अर्ज त्या पदकांवर आहे. शीट उघडल्यावर पोटात गोळा येतो तो याचाच. इतकी वर्षं ज्या वजनासाठी उपाशी राहिले, ते वजन घेऊन पुढे जायचं कुठे, हे कुणी सांगत नाही.

जुना_खलाशी
ताई, हे आधी लिहिलं असतंत तर मी दत्तूचं नाव काढलं नसतं. नोकरीचं म्हणाल तर मिळवलेली पदकं कागदावर राहतात, वजन वाढलं म्हणून कुणी काढून घेत नाही. अर्जासोबत काय काय लागतं ते मला माहीत आहे, व्यनि करा. बीच स्प्रिंटला किनाऱ्यावरून पळत बोटीत चढायचं असतं, तिथे चपळ माणूस लागतो. वजनगट नाही. विचार करा.

कोथरूडकर_काका
माझा प्रश्न राहिलाच. पंख्याचं की पाण्याचं?

हेन्लीवाला
काका, पंख्याचं. आवाज जास्त येतो, पण टिकतं. खालच्या मजल्यासाठी जाड रबरी मॅट घाला.

निळीवाट
रक्त देऊन आले. कोचला लिहिलं की बरगडीचा एमआरआय होईपर्यंत शीट थांबवते आणि 6के त्यानंतर ठरवू. उत्तर आलं, "रिपोर्ट पाठव". रागावले की नाही कळत नाही.
डॉक्टरताई, डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) एमआरआयच्या आधी करू की नंतर? आणि चालायला गेलं तर चालेल का, घरात बसवत नाही.

सुईण_आजींची_नात
एमआरआय आधी, डेक्सा त्यानंतर सावकाश. चालायला जा, सपाट रस्त्याने, घड्याळ घरी ठेवून आणि खाऊन निघ. खोल श्वास घेताना बरगडीत चमक आली तर त्याच दिवशी मला लिही.