बालगंधर्वांवरच्या संगीत नाटकात ट्रॅक चालतो का?

तिसरी घंटा:
नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे स्त्रीभूमिका गाजवणारे बालगंधर्व, यांचं आयुष्य रंगमंचावर आणायचं आणि पदं मात्र ट्रॅकवर, म्हणजे आधी मुद्रित केलेल्या साथीवर, म्हणायची, हे मला अजिबात मान्य नाही. 'वन्स मोअर' आला की बालगंधर्व तेच पद नव्या जागा, म्हणजे सुरांची नवी वळणं, घेत पुन्हा गात. ट्रॅक चार मिनिटं दहा सेकंदांना संपणार असेल, तर वन्स मोअरसुद्धा तालमीत बसवलेलाच निघतो. ऑर्गन, तबला, सारंगी समोर दिसली पाहिजे.

विंगेतला:
खुर्चीत बसून म्हणायला सोपं आहे. ऑर्गन चढवा-उतरवायला माणसं लागतात, दौऱ्यात भाते फाटतात, पट्टीखाली कचरा अडकला की एखादा सूर आपोआप वाजत राहतो. सारंगीची तात आतड्याची, पावसाळी हवेत उतरते आणि एसी लागला की पुन्हा फिरते. पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात सगळ्या तरफा, म्हणजे खालच्या झंकाराच्या तारा, लावायच्या कधी? वर ऑर्गनला माइक लावला की पायट्यांची खडखड पार शेवटच्या रांगेपर्यंत. ट्रॅकला यातलं काहीच होत नाही.

काळी एक:
खडखडीचा दोष ऑर्गनचा नाही, माइक लावणाऱ्याचा. माइक पाठीमागे वरच्या अंगाला हवा, पायट्यांखाली जाड फेल्ट. सारंगी एसी तासभर चालल्यावरच लावायची, आधी लावलेली फुकट जाते.

आता ट्रॅकचं ऐका. लागोपाठ तिसऱ्या प्रयोगाला नटाचा गळा बसला, तर पेटीवाला काळी एकऐवजी पांढरी एक, म्हणजे खालची पट्टी, धरतो, तबलजी दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, तेवढा उतरवून घेतो, काम झालं. ट्रॅकला त्यासाठी दुसरं ध्वनिमुद्रण तयार लागतं. दुसरं, तान लांबली आणि मुखडा, म्हणजे पदाच्या पहिल्या ओळीवर परत येणं, चुकला, तर तबलजी एक आवर्तन ठेका धरून थांबतो आणि पुढच्या समेवर नटाला उचलून घेतो. ट्रॅक पुढे निघून जातो. मग 'नाथ हा माझा'सारख्या पदात नट जागा घ्यायलाच घाबरतो, सरळ चाल म्हणून मोकळा होतो. यमन राग राहतो, गंधर्व जातात. नटाला ट्रॅक ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर, म्हणजे मॉनिटर, बंद पडला तर विचारूच नका, मागच्या पडद्यापाशी उभा असलेला नट अर्धी मात्रा मागेच राहणार.

पुस्ती:
तुमचं भांडण वाद्यांवरून चाललंय, माझं पदांच्या संख्येवरून. पावणेतीन तासांचं नाटक म्हणजे 165 मिनिटं. 14 पदं, प्रत्येकी सहा मिनिटं, यात 84 गेली. उरलेल्या 81 मिनिटांत किर्लोस्कर नाटक मंडळी, 1913 ची स्वतःची कंपनी, कर्ज, गायिका गोहरबाईंची सोबत आणि म्हातारपण? म्हणून मग 12 मार्च 1911, 'मानापमान'चा पहिला प्रयोग आणि त्याच दिवशी मुलीचा मृत्यू, एवढा एक हुकमी प्रसंग मागे रडकी बासरी लावून खेळतात, बाकीचं सूत्रधार घाईघाईत सांगून टाकतो. आठच पदं ठेवा, पण ती पुरी गा.

तिसरी घंटा:
आठ मान्य. पण 8 जुलै 1921 चं संयुक्त, म्हणजे दोन कंपन्यांनी मिळून केलेलं, 'मानापमान' त्यात हवंच. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेला प्रयोग, समोर दुसऱ्या कंपनीचे गायक नट केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. केशवरावांचा आवाज चढा, धारदार. दोघांना एकाच पट्टीत बसवलं तर एक जण ओरडतो, नाहीतर दुसरा घोगरतो. तिथे तबलजीला दोन दायां लावून बसावंच लागेल.

विंगेतला:
दोन दायांबद्दल वाद नाही. ट्रॅकवर पट्टी बदलली की ती कात्रीने कापल्यासारखी कळते, हेही कबूल. पण मग एक विसरू नका. जिवंत वाद्यं आली की त्यांच्यावर उठणारा आवाज हवा, म्हणजे माइक आला, आणि शालूच्या पदराला लावलेला कॉलर माइक प्रत्येक वळणाला खरखरतो. तन्मणीवर आपटला तर टकटक वेगळीच. तो केसांच्या टोपाच्या कडेला, कपाळावर केसांच्या रेषेत चिकटवावा लागतो. दुसऱ्या अंकापर्यंत घाम माइकच्या जाळीत उतरतो आणि आवाज बोदा होतो, म्हणून दुसरा माइक टोपातच आधीपासून बसवून ठेवायचा. पात्र वेश बदलतं तेवढ्यात फक्त तार बदलायची.

काळी एक:
आणि बॅटरी प्रत्येक प्रयोगाला नवी. 'कालची चालेल' म्हणणाऱ्याला ध्वनीच्या टेबलापाशी उभं करू नये.